मलावीतल्या चार मंडळ्या आणि खान्देशातली प्रार्थना : एका मिशनरी दांपत्याचे प्रकरण

परदेशातल्या छोट्या मंडळ्यांची, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या समूहांची, सेवा करणाऱ्या मिशनरी दांपत्यासाठी मायदेशातली मंडळी जेव्हा प्रार्थना करते, तेव्हा ती नेमके काय मागत असते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. रविवारच्या उपासनेत त्यांची नावे घेतली जातात, "प्रभू, त्यांच्या सेवेला आशीर्वाद दे, त्यांना आरोग्य दे, त्यांचा मार्ग मोकळा कर" अशी तीन-चार वाक्ये होतात आणि उपासना पुढे सरकते. या वाक्यांत खोटे काही नाही आणि ती मनापासून उच्चारलेली असतात, हेही मी पाहिले आहे. परंतु येथे मांडलेल्या प्रकरणात सुमारे तीन वर्षे याच वाक्यांनी प्रार्थना होत राहिली आणि त्या काळात त्या दांपत्याला ज्या गोष्टींनी खरोखर पोखरले होते, त्यांतली एकही त्या प्रार्थनेत आली नव्हती. हे कसे घडले, कळल्यावर मंडळीने काय केले आणि त्यातून काय निघाले, याची ही नोंद आहे.

पाठवणारी मंडळी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातली आहे. तिच्या मिशन समितीच्या बैठकींना मी बाहेरचा सल्लागार म्हणून बसत आलो आहे. दांपत्याचे नाव, मंडळीचे गाव आणि आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या मंडळ्यांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत. पुढे आलेला आरोग्याचा तपशील त्या दोघांनी वाचून, परवानगी देऊन मगच येथे घेतला आहे.

पाठवणारे आणि पाठवलेले

नवापूर, साक्री, नंदुरबार या पट्ट्यातल्या अनेक मंडळ्या दुसऱ्यांच्या प्रार्थनांवर उभ्या राहिल्या आहेत. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० साली शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन सुरू केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या मिशनचे लोक पश्चिम खान्देशात येऊन राहिले; पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम होते. म्हणजे खान्देश हे नाव कितीतरी वर्षे कोणा दूरच्या मंडळीच्या प्रार्थनेच्या यादीत होते. त्या यादीत आपले आजी-आजोबा कसे वर्णिले गेले असतील, हा विचार या प्रकरणात पुढे महत्त्वाचा ठरला.

या दांपत्यातले पती पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू; ते नवापूर तालुक्यातल्या मावची बोलणाऱ्या कुटुंबातले आहेत. ईशज्ञानाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी काही वर्षे डोंगरपट्ट्यातल्या लहान मंडळ्यांत सेवा केली. त्यांच्या पत्नी साक्री तालुक्यातल्या, जीएनएम झालेल्या परिचारिका. लग्नानंतरही त्या रुग्णालयात काम करत होत्या. मलावीच्या मध्य भागातल्या, राजधानी लिलाँग्वेपासून काही तासांच्या अंतरावरच्या चार छोट्या मंडळ्यांना स्थानिक वडिलांना, म्हणजे मंडळीची जबाबदारी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना, शिकवू शकेल असा माणूस हवा होता. त्या मंडळ्यांच्या निमंत्रणावरून हे दोघे आपल्या लहान मुलीसह २०२१ च्या अखेरीस तेथे गेले. सर्वांत मोठ्या मंडळीत साठ-सत्तर माणसे जमतात, सर्वांत लहान मंडळी एका गवती छपराखाली भरते. चारही ठिकाणी पूर्ण वेळ पाळक नाही; उपदेश, बाप्तिस्म्याची तयारी, आजाऱ्यांची भेट हे सारे शेती करणारे वडील आणि भगिनी मंडळाच्या स्त्रिया सांभाळतात. पाळकांचे काम या मंडळ्या चालवण्याचे नसून, त्या आपल्या पायांवर चालाव्यात यासाठी शिकवण्याचे होते.

पहिली तीन वर्षे : पत्रे आणि त्यांतले मौन

दर तीन महिन्यांनी त्यांचे पत्र येई. ते उपासनेत वाचले जाई आणि त्यातल्या प्रार्थनेच्या मागण्या शेवटी सांगितल्या जात : भाषा लवकर यावी, मलेरियापासून रक्षण व्हावे, प्रवास सुखाचा व्हावा, सुवार्तेचे काम वाढावे. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत मोठी हानी केली, तेव्हा मंडळीने आवर्जून प्रार्थना केली, जरी हे कुटुंब मध्य भागात असल्याने त्या तडाख्यातून वाचले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील चलन क्वाचा याचे एका दिवसात ४४ टक्के अवमूल्यन जाहीर झाले. ते पत्रात एका ओळीत आले आणि येथे कोणाला त्याचा अर्थ लागला नाही. पुढे एल निनोच्या वर्षात पाऊस गेला आणि मार्च २०२४ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली. पत्रात तेव्हा एवढेच होते की "या वर्षी पीक कमी आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा."

पत्रे अशी का लिहिली जात होती, हे नंतर पाळकांनी स्वतः सांगितले आणि त्यांचे म्हणणे मला प्रामाणिक वाटले. ज्या मंडळीने पोटाला चिमटा काढून अर्पण गोळा केले आणि आपल्याला पाठवले, तिच्यापुढे अडचणी मांडणे म्हणजे कुरकुर करणे, अशी त्यांची समजूत होती. दुसरे म्हणजे पत्र शंभर-दीडशे लोकांसमोर वाचले जाणार, नंतर त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरणार आणि सासरच्या-माहेरच्या माणसांपर्यंत पोचणार, हे ठाऊक असल्यावर कोणता माणूस मनातले लिहील? तिसरे कारण येथल्या बाजूचे होते. समितीकडून जाणाऱ्या प्रश्नांत किती बाप्तिस्मे झाले आणि किती नवी कुटुंबे आली, हे आधी विचारले जाई. हा प्रश्न मी अनेक मंडळ्यांच्या समित्यांत ऐकतो आणि तो पहिल्या स्थानी असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला आकडे विचारले जातात तो माणूस आकडेच पाठवतो आणि मग प्रार्थनाही आकड्यांपुरतीच होते.

एक फोन

बदल पत्रातून आला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये भगिनी मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदाने पाळकांच्या पत्नीला फोन केला. सगळे त्यांना मावशी म्हणतात; त्या निवृत्त परिचारिका आहेत आणि पाळकांच्या पत्नीने शिकाऊ असताना त्यांच्या हाताखाली काम केले होते. ख्रिसमसच्या आधीच्या प्रार्थनासभेसाठी मागण्या हव्या होत्या, एवढेच निमित्त होते.

"मावशी, काय सांगू? सगळं ठीकच आहे. नेहमीसारखं सांगा ना," असे उत्तर आले.

मावशींची घरची बोली अहिराणी. त्या म्हणाल्या, "ठीक शे ते मले माहीत शे. रातले काबर जाग येस, ते सांग माय." (रात्री जाग का येते, ते सांग.)

त्यावर पलीकडे बराच वेळ रडणे झाले आणि मग दीड तास बोलणे. मावशींनी ते बोलणे कोणाला सांगितले नाही. त्यांनी फक्त समितीच्या वडिलांना निरोप दिला की त्या दोघांना एकदा मोकळेपणाने लिहू द्या आणि ते पत्र उपासनेत वाचायचे नाही असे आधी कबूल करा. समितीने कबूल केले. डिसेंबरात जे पत्र आले ते दहा पानांचे होते, दोघांनी वेगवेगळ्या भागांत लिहिलेले. या प्रकरणातला खरा मजकूर त्या पत्रात आहे.

पोत्यापाशी बसलेली भूक

पाळकांनी लिहिलेल्या भागात सर्वांत जास्त जागा एका विषयाला होती आणि तो विषय येथे कोणाच्या डोक्यातही आला नव्हता : घरात ठेवलेले मक्याचे पोते.

मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो आणि मका एप्रिल-मेमध्ये हाती येतो. आपल्या डोंगरपट्ट्यात आषाढ-श्रावणात जशी कणगी तळाला जाते, तसे तेथे जानेवारी ते मार्च हे महिने असतात : जुना मका संपलेला आणि नवा अजून कणसात भरायचा. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला न्सिमा हेच तेथले जेवण, त्यामुळे मका संपला म्हणजे जेवण संपले. या काळात माणसे दुसऱ्याच्या शेतात दिवसाच्या मोबदल्यावर खुरपणी करायला जातात आणि स्वतःच्या शेताची खुरपणी मागे पडते, म्हणजे पुढच्या वर्षीची टंचाईही तेथेच पेरली जाते. २०२४ चे पीक गेल्यामुळे त्या वर्षी ही ओढ ऑक्टोबरपासूनच लागली. उपासनेची उपस्थिती घटली, कारण रविवारीही काम मिळाले तर ते सोडणे परवडणारे नव्हते; आणि पाळकांच्या दारात सकाळपासून माणसे येऊन बसू लागली.

परदेशातून आलेल्या माणसाच्या घरात पोते असणारच, हा त्यांचा अंदाज बरोबर होता. दोन पोती होती. पाळकांनी लिहिले होते, "आम्ही दार लावून जेवतो आणि जेवताना मुलीला हळू बोलायला सांगतो. पहिल्यांदा असे केले त्या रात्री मी प्रभुभोजनाचा भाग तयार करत होतो आणि तो मला पुरा करता आला नाही." द्यावे तर कोणाला? एकाला दिले तर दुसऱ्या दिवशी पाच जण येतात. मंडळीच्या सभासदांनाच द्यावे तर शेजारी म्हणतात की धान्यासाठी ख्रिस्ती व्हावे लागते, आणि उपाशी माणसाला धान्य देऊन मंडळीत आणणे हे पाप आहे, असे पाळकांना मनापासून वाटते. सर्वांना द्यावे तर पोती आठवडाभरात संपतात आणि शिवाय तीन वर्षे खपून ज्या वडिलांना उभे करायचे, ते वडीलही पाळकाच्या दाराकडेच पाहू लागतात.

हा भाग समितीत वाचला गेला तेव्हा सर्वांत वयस्क सभासद बराच वेळ बोलले नाहीत आणि मग त्यांनी १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगितली. त्या काळात मदतीचे अन्न म्हणून वाटल्या गेलेल्या सुकडीच्या रांगेत ते स्वतः उभे राहिले होते. मदतीने जीव वाचले, याबद्दल त्यांना आजही कृतज्ञता आहे. पण मिशनच्या आवारातून काही मिळते म्हणून येणारे काही लोक मदत थांबल्यावर दिसेनासे झाले आणि जे टिकले त्यांनाही पुढे कितीतरी वर्षे "धान्याचे ख्रिस्ती" हे ऐकावे लागले. या आठवणीमुळे समितीच्या प्रार्थनेचे वळणच बदलले. आधी कोणीतरी म्हणाले होते की आणखी पैसे पाठवू या. आता मागणी अशी लिहिली गेली : काय द्यावे, कोणाच्या हातून द्यावे आणि देणाऱ्याचे नाव कसे झाकावे, याची बुद्धी त्या चार मंडळ्यांच्या वडिलांना मिळो.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस पाठवलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात अशीच एक मागणी आहे, जी आपण वाचून पुढे जातो. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत घेऊन तो निघाला आहे आणि रोमच्या मंडळीला तो आग्रहाने विनवतो की माझ्यासाठी प्रार्थनेत झगडा : यहूदीयातल्या विरोधकांपासून माझी सुटका व्हावी आणि ही मदत तेथल्या पवित्र जनांना मान्य व्हावी. मदत पोचावी एवढेच त्याने मागितले नाही. ती घेणाऱ्याला घेता यावी, हेही मागितले. पाळकांच्या पत्रातला प्रश्न याच जातीचा होता.

निघून गेलेला उपदेशक

दुसरी गोष्ट सर्वांत लहान मंडळीची. तिथला एकमेव उपदेशक, ज्याला पाळकांनी दोन वर्षे शिकवले होते, तो गाव सोडून गेला होता. त्याचे कोणाशी भांडण झाले नव्हते आणि विश्वासही सुटला नव्हता. तेथल्या चेवा समाजात जमीन आईकडून मुलींकडे जाते आणि लग्नानंतर बहुधा पुरुष बायकोच्या गावी राहायला येतो. त्याची पत्नी वारली. तिच्या माघारी त्या गावात त्याला जमीन नाही आणि बसायला जागाही नाही, म्हणून तो आपल्या जन्मगावी परतला. मंडळीचे सारे शिक्षण त्याच्यासोबत गेले.

पाळकांना यातून जे उमगले ते त्यांनी फार संयमाने लिहिले होते. ज्या समाजात घर आणि शेत स्त्रीच्या नावाने चालते, तेथे फक्त पुरुषांना शिकवत राहिलो तर मंडळीचा पाया दर काही वर्षांनी उठून जाईल. भगिनी मंडळातल्या दोघी-तिघी वाचू शकतात, आजाऱ्यांकडे जातात आणि अंत्यविधीत लोक त्यांचेच ऐकतात. त्यांना वडिलांच्या शिकवणीत घ्यावे का, यावर तेथल्या वडिलांत मतभेद होते. आणि आपल्या पाठवणाऱ्या मंडळीला हे रुचेल का, अशी भीतीही पत्रात होती. समितीतही मतभेद झाले. एक निवृत्त शिक्षक ठामपणे म्हणाले की हा प्रार्थनेचा नव्हे, शिस्तीचा विषय आहे आणि निर्णय येथून झाला पाहिजे. माझे मत वेगळे होते आणि मी ते तेथे मांडले : शिकागोत बसलेल्या समितीने नवापूरच्या मंडळीत कोणाला वडील करायचे हे ठरवले असते, तर ते आपल्या आजोबांना आवडले नसते. शेवटी समितीने आपला निर्णय लिहून पाठवला नाही. त्या वडिलांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा आणि त्या वेळी पाळकांनी मध्ये पडू नये, यासाठी प्रार्थना करायचे ठरले. शिक्षकांनीही त्यासाठी प्रार्थना केली, हे नोंदवले पाहिजे.

याला जोडून अंत्यविधींचा मोठा भार होता. तेथे गावात मृत्यू झाला की शेतीची कामे थांबतात, सारे गाव त्या घरी जमते आणि पाळकाने बोलावे अशी अपेक्षा असते. मलेरियाच्या आणि उपासमारीच्या महिन्यांत असे प्रसंग एकामागून एक येतात. चिचेवा भाषा अजून अडखळत असताना दुःखात बसलेल्या आईपुढे उभे राहणे त्यांना फार कठीण जात होते. "भाषा लवकर यावी" ही जुनी मागणी याच अनुभवातून आली होती, पण त्या तीन शब्दांतून नवापूरला ते कसे कळणार? इफिसकरांस पत्राच्या शेवटी पौल स्वतः साखळदंडात असताना सुटका मागत नाही. मी तोंड उघडीन तेव्हा मला शब्द मिळावेत, एवढे मागतो. डिसेंबरनंतर भाषेची प्रार्थना याच रूपात होऊ लागली.

पत्नीचा भाग

पत्रातला दुसरा भाग लहान होता आणि अधिक जड होता. त्या परिचारिका आहेत, परंतु मलावीत परिचारिकेचे काम करायचे तर तेथील परिचारिका परिषदेकडे नोंदणी व्हावी लागते. त्यासाठी महाराष्ट्रातल्या नोंदणीचा पडताळणी-दाखला हवा होता आणि तो तीन वर्षांत पोचला नव्हता. त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक आरोग्य केंद्र आहे, जिथे मनुष्यबळ कमी आहे. त्या तिथे आपल्या मुलीला घेऊन रांगेत बसतात आणि हात बांधून पाहतात. "मी येथे पाळकांची बायको म्हणून आले, पण देवाने मला जे शिकवले ते कपाटात ठेवून आले," असे त्यांनी लिहिले होते. पत्रांमध्ये त्यांच्याविषयी आजवर एकच मागणी आली होती : आरोग्य लाभो.

आणि आरोग्याचीच गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. त्या गरोदर होत्या. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती घरांत आहे, हे येथे वेगळे सांगायला नको. पतीपत्नी दोघेही वाहक आहेत, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी तो मुलांकडे जाऊ शकतो, हे पहिल्या मुलीच्या वेळी कळले होते. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला प्रत्यक्ष आजार असण्याची शक्यता चारात एक असते, वाहक असण्याची चारात दोन. वाहक माणूस सहसा निरोगी जगतो आणि त्याला जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षणही मिळते. पण ज्या बाळाला आजारच आहे त्याच्यासाठी मलेरियाचा प्रदेश फार धोक्याचा असतो. मलेरियापासून रक्षणाची प्रार्थना तीन वर्षे होत होती आणि तिच्यामागे हे गणित आहे, हे कोणालाही ठाऊक नव्हते. शिवाय एक प्रश्न त्यांनी नवऱ्यालाही विचारला नव्हता : बाळाला आजार निघाला तर आपण परत जायचे का, आणि गेलो तर आपण पळून गेलो असे मंडळी म्हणेल का?

ही मागणी उपासनेत सांगण्यासारखी नाही. मावशी, पाळकांचे थोरले काका, समितीतल्या एक भगिनी आणि नवापूरच्या मंडळीचे पाळक अशा चौघांनीच ती आपल्याकडे ठेवली. त्या चौघांनी सर्वांत आधी उत्तर कळवले ते त्या शेवटच्या प्रश्नाचे : परत यावे लागले तर स्टेशनवर घ्यायला आम्ही येऊ, आणि त्याबद्दल कोणालाही खुलासा द्यावा लागणार नाही. प्रार्थना त्यानंतर सुरू झाली. हा क्रम मला फार योग्य वाटतो. मंडळीच्या मनात काय आहे या भीतीने जो प्रश्न उभा राहिला, त्यासाठी देवाकडे मध्यस्थी करण्याआधी मंडळीनेच बोलायला हवे होते.

विसरवाडीजवळची आई

पत्रात शेवटी पाळकांनी एक परिच्छेद लिहिला होता, जणू जाता जाता. त्यांची आई विसरवाडीजवळच्या गावात राहते. मधुमेह आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. धाकटा भाऊ दिवाळीनंतर कुटुंबासह बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जातो आणि होळीच्या सुमारास परततो. ते चार-पाच महिने आई एकटी असते. तेथल्या उपाशी महिन्यांत मी दुसऱ्यांच्या आयांना धान्य कसे द्यावे याचा विचार करतो आणि माझ्या आईने आज गोळी घेतली का हे मला माहीत नसते, असे वाक्य होते.

त्यांची आई मंडळीपासून मोटारसायकलने अर्ध्या तासावर होती. तीन वर्षे मंडळी समुद्रापलीकडच्या देशासाठी प्रार्थना करत होती आणि त्या प्रार्थनेचा एक भाग विसरवाडीच्या रस्त्यावर होता. या परिच्छेदासाठी समितीने प्रार्थनेचा विषय लिहिलाच नाही. भगिनी मंडळाने दोघी-दोघींच्या जोड्या करून आठवड्यातून एकदा जाण्याचे ठरवले, साखरेची तपासणी सुरू झाली आणि पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही झाली. परिचारिकेच्या दाखल्याचेही तसेच झाले : तरुण संघातला एक मुलगा नंदुरबारहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला, कागद कोठे अडला आहे ते पाहून आला, पुन्हा गेला आणि दाखला रवाना झाला.

पैशांबद्दल थोडक्यात. धर्मादाय न्यासाने देशाबाहेर खर्च केल्यास आयकराच्या सवलतीसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, म्हणून येथे सभासद व्यक्तिशः रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली रक्कम पाठवतात. क्वाचा घसरल्यावर त्याच रुपयांचे अधिक क्वाचा मिळू लागले आणि बाजारभावाने ते गिळून टाकले, एवढाच त्या जुन्या ओळीचा अर्थ होता. रक्कम थोडी वाढवली गेली. कामाच्या परवान्याचे नूतनीकरण ठरावीक काळाने करावे लागते आणि ते यादीत कायम असते.

प्रार्थनेची नवी रीत

आता दोन कागद असतात. एक रविवारी वाचायचा, दुसरा त्या चौघांपुरता. पहिल्या कागदावरही मागणी लिहिताना गोष्ट कोणती, कधीपर्यंतची आणि तिचे काय झाले हे कोणाला विचारायचे, एवढे लिहिले जाते. "सेवेला आशीर्वाद" असे मोघम लिहिलेले असेल तर मावशी तो कागद परत पाठवतात. कागदाचा फोटो काढायचा नाही. याला कारण होते : मलावीतल्या मुलांचा एक फोटो पूर्वी "उपाशी आफ्रिका" अशा मथळ्याने गटागटांत फिरला होता, आणि फोन तेथेही असतात. बुधवारची प्रार्थनासभा संध्याकाळी साडेसातला भरते, तेव्हा तेथे दुपारचे चार वाजलेले असतात. त्याच वेळी तेथल्या दोन मंडळ्या जमतात.

त्यातून एक अनपेक्षित गोष्ट झाली. तेथल्या वडिलांनी विचारले की आम्ही तुमच्यासाठी काय मागू? समितीकडे याचे उत्तर तयार नव्हते. मग पहिल्यांदाच नवापूरकडून एक यादी गेली : ऊसतोडीला गेलेली कुटुंबे आणि त्यांच्याबरोबर गेलेली, शाळा सुटलेली मुले, दारू, सिकलसेलचे रुग्ण. पौल करिंथकरांस पाठवलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी आशिया प्रांतातल्या आपल्या संकटाविषयी लपवून ठेवत नाही, जगण्याचीही आशा सुटली होती असे सांगतो आणि तुम्ही प्रार्थनेने आम्हांला हातभार लावता असे म्हणतो. हातभार दोन्ही बाजूंनी लागतो, हे त्या यादीनंतर येथल्या लोकांना अनुभवाने कळले. बारडोलीच्या फडावरून एकाने फोन करून विचारले की आमचे नाव खरोखर आफ्रिकेत घेतात का. त्याला ध्वनिमुद्रण पाठवण्यात आले.

जे सुटले नाही तेही सांगितले पाहिजे. आपल्या गावी परतलेला उपदेशक आला नाही. त्या लहान मंडळीत उपासना आता दोन स्त्रिया चालवतात, पण त्यांना वडील म्हणावे की नाही, हे तेथे अजून ठरलेले नाही. परिचारिकेची नोंदणी पुढे सरकली आहे, पूर्ण झालेली नाही. मक्याच्या वाटपासाठी चारही मंडळ्यांच्या वडिलांनी एक सामाईक कोठी केली, तिच्यात कापणीच्या वेळी ज्याला जमेल त्याने एक पायली टाकायची असे ठरवले. पहिल्या वर्षी ती भरली नाही आणि पाळकांना दार लावून जेवावेच लागले, मात्र दिवस कमी झाले. बाळ २०२५ च्या एप्रिलमध्ये जन्मले. त्याच्या तपासणीचा निकाल त्या चौघांकडे आहे आणि तो येथे द्यायचा नाही असे त्या दोघांनी सांगितले आहे.

पुढच्या जूनमध्ये हे कुटुंब काही महिन्यांसाठी घरी येणार आहे. पहिला महिना कोणत्याही मंडळीत त्यांना बोलायला बोलावायचे नाही आणि ते विसरवाडीला आईजवळ राहतील, असे समितीने ठरवले. त्या काळात मलावीत कोणाला पाठवावे याची चर्चा सुरू असताना तेथल्या चारही मंडळ्यांच्या वडिलांचे एक पत्र आले, त्यांनी स्वतः लिहिलेले. त्यात म्हटले होते की पाळक जूनमध्ये निघतील तेव्हा आमचा मका घरात आलेला असेल आणि आम्हांला वेळ असेल. त्यांच्या जागी कोणालाही पाठवू नका, उपासना आम्ही चालवू, आणि ती आम्हांला चालवता यावी म्हणून प्रार्थना करा. समितीने कोणालाही न पाठवण्याचा ठराव त्याच बैठकीत केला आणि ही मागणी रविवारच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिली.